पुनरुत्थान रविवार, १९४२ : न परतलेल्या विमानांचा शोध

२१ एप्रिल २०१९ रोजी, पुनरुत्थानाच्या रविवारी, सकाळची मिस्सा आटोपून आम्ही चर्चच्या आवारात लोकांना शुभेच्छा देत उभे असतानाच श्रीलंकेतील बॉम्बस्फोटांची बातमी येऊन थडकली. कोलंबो बंदराला लागून असलेले कोच्चिकडे येथील संत अंतोनीचे तीर्थमंदिर, नेगोम्बोचे संत सेबेस्तियनचे चर्च आणि पूर्व किनाऱ्यावरील बट्टिकलोआ येथील एक प्रॉटेस्टंट चर्च अशा तीन ठिकाणी उपासनेसाठी जमलेल्या भाविकांवर घाला पडला होता. काही हॉटेलांतही स्फोट झाले होते. त्या दिवशी अडीचशेहून अधिक माणसे गेली. आवारातील मंडळी सुन्न झाली. तेवढ्यात बोटीवरून निवृत्त झालेले एक वयोवृद्ध गृहस्थ हळूच म्हणाले, "फादर, ईस्टरच्या सकाळी कोलंबोवर बॉम्ब पडण्याची ही दुसरी वेळ. आमचे बाबा सांगायचे. लढाईत ते बोटीवर होते."

आम्हांस ही पहिली वेळ ठाऊक नव्हती. सेमिनरीत आम्ही इतिहास शिकलो तो ख्रिस्तसभेचा. महायुद्धाचा इतिहास म्हणजे हिटलर आणि हिरोशिमा, एवढीच आमची शिदोरी. पण त्या वाक्याने मनात घर केले. पुढे काही वर्षे, धर्मग्रामाच्या कामातून सवड मिळेल तेव्हा, मिळतील ती पुस्तके आणि युद्धात कामी आलेल्यांच्या प्रसिद्ध झालेल्या याद्या आम्ही चाळीत राहिलो. आरंभी आम्हांस एवढेच जाणून घ्यायचे होते की, १९४२ च्या त्या सकाळी किती विमाने पडली आणि त्यांतली माणसे कोण. प्रश्न साधा वाटला होता, पण तो साधा नव्हता.

फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडले, मार्चमध्ये रंगून गेले. ब्रिटिश आरमार मागे सरून सिलोनच्या, म्हणजे आजच्या श्रीलंकेच्या, आश्रयास आले होते. पर्ल हार्बरवर हल्ला करणारा नागुमो या सेनानीचा जपानी आरमारी ताफा मार्चअखेरीस हिंदी महासागरात शिरला. त्याच्यात पाच विमानवाहू नौका होत्या : आकागी, सोर्यू, हिर्यू, शोकाकू आणि झुइकाकू. दुसऱ्या कोणत्याही राष्ट्रापाशी एवढे आरमारी हवाई बळ त्या काळी एका जागी एकवटलेले नव्हते.

४ एप्रिल हा पवित्र शनिवार. त्या दिवशी संध्याकाळच्या सुमारास कॅनडाच्या ४१३ क्रमांकाच्या स्क्वॉड्रनचे एक कॅटालिना जातीचे समुद्री विमान लंकेच्या दक्षिणेस सुमारे ३५० मैलांवर टेहळणी करीत होते. वैमानिक होता लेनर्ड बर्चल. लंकेत येऊन त्याला जेमतेम दोन दिवस झाले होते. क्षितिजावर ठिपके दिसले म्हणून तो जवळ गेला आणि साक्षात जपानी ताफ्याच्या तोंडी सापडला. बिनतारी संदेश पुरा जाण्याआधीच झीरो विमानांनी कॅटालिना पाडले. पण कोलंबोला जेवढा संदेश पोहोचला, तेवढाही पुरेसा ठरला. बंदरातील बरीच जहाजे बाहेर काढण्यात आली. विमानात नऊ जण होते. तिघे मरण पावले आणि सहा जणांना इसोकाझे या जपानी विनाशिकेने पाण्यातून उचलून कैद केले. बर्चल युद्धकैद्यांच्या छावण्यांतून जिवंत परतला आणि २००४ पर्यंत जगला. त्याची गोष्ट पुष्कळांनी लिहिली आहे. त्याच्यानंतर त्याच ताफ्याच्या मागावर गेलेली आणखी दोन कॅटालिना विमाने पाडली गेली. त्यांतले कोणीच परतले नाही, म्हणून त्यांची गोष्टही कोणी फारशी सांगत नाही. ज्याने पाहिले तो परत आला, तरच गोष्ट उरते.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातच्या सुमारास, कोलंबोच्या चर्चमधून ईस्टरची उपासना चालू असताना, ९१ बॉम्बफेकी विमाने आणि ३६ झीरो लढाऊ विमाने शहरावर आली. आदल्या दिवशी सूचना मिळूनही, आणि रडार बसविलेले असूनही, रत्मलाना विमानतळावरच्या वैमानिकांना शत्रूची चाहूल लागली ती विमाने डोक्यावर आल्यावरच. ही चूक कोणाची, यावर नंतर पुष्कळ शाई खर्च झाली. आम्ही त्यात शिरत नाही. जमिनीवरून घाईघाईने उठणाऱ्या विमानाला वरून येणाऱ्याशी लढावे लागते, आणि अशा लढतीत कोण मरतो हे सांगण्यास युद्धशास्त्र लागत नाही. बंदरात टेनेडोस ही विनाशिका आणि हेक्टर हे सशस्त्र व्यापारी जहाज बुडाले. अंगोडा येथील मनोरुग्णालयावरही बॉम्ब पडले.

या सर्व धामधुमीत आमचे मन ज्या प्रसंगापाशी घुटमळत राहिले, तो सहा स्वोर्डफिश विमानांचा. ही ब्रिटिश नौदलाच्या हवाई विभागातील ७८८ क्रमांकाच्या स्क्वॉड्रनची विमाने. दोन पंखांची, कापडाने मढविलेली, पोटाखाली टॉर्पेडो बांधलेली. ताशी सव्वादोनशे किलोमीटरच्या वर त्यांना वेग घेता येत नसे, आणि झीरोचा वेग त्याच्या दुपटीहून अधिक. जपानी ताफ्यावर चढाई करता यावी म्हणून त्यांना त्रिंकोमालीजवळच्या चायना बे येथून कोलंबोकडे बोलाविले होते. ती नेमकी हल्ला चालू असतानाच तेथे पोहोचली. आकाशात दिसलेली लढाऊ विमाने आपलीच असावीत, असे त्यांना प्रथम वाटले. काही मिनिटांत सहाही पाडली गेली. ती कोणाशी लढायला आलीच नव्हती, एका गावाहून दुसऱ्या गावी निघाली होती. हल्ल्याच्या मोठ्या वर्णनांत त्यांच्या वाट्याला सहसा एक वाक्य येते.

त्याच दिवशी दुपारी डॉर्सेटशायर आणि कॉर्नवॉल या दोन ब्रिटिश क्रूझर जपानी विमानांनी अल्पावधीत बुडविल्या. ४२४ माणसे गेली. ११२२ जण सुमारे तीस तास पाण्यात तग धरून राहिले आणि दुसऱ्या दिवशी सायंकाळी वाचविण्यात आले. इंडोमिटेबल या विमानवाहू नौकेवरून टेहळणीस गेलेल्या अल्बाकोर विमानांपैकी एक परतलेच नाही, आणि एक परतले ते गोळ्या खाऊन.

आता संख्येकडे वळू. आमच्या शोधाची खरी परीक्षा येथेच झाली.

कोलंबोवरील लढतीत शत्रूची विसाहून अधिक विमाने पाडल्याचा दावा ब्रिटिशांनी त्या काळी केला. चर्चिल यांच्या युद्धस्मृतींतही हा आकडा आला आहे. जपान्यांनीही ब्रिटिशांची जेवढी विमाने पाडल्याचे कळविले, तो आकडा खऱ्याहून कितीतरी फुगलेला होता. दोन्ही बाजूंच्या स्वतःच्या नोंदी पाहिल्या म्हणजे चित्र वेगळे दिसते. लढण्यास उठलेल्या ४१ ब्रिटिश लढाऊ विमानांपैकी २० नष्ट झाली, शिवाय ती सहा स्वोर्डफिश. जपान्यांची गेली ती सात. म्हणजे विसाहून अधिक सोडाच, त्याच्या निम्मीही नाहीत.

हे वाचून आम्हांस प्रथम राग आला. वर्तमानपत्रांत छापण्यासाठी केलेला हा खोटेपणा आहे, असे वाटले. पुढे वाचत गेलो तसा राग ओसरला. आकाशातील झटापट काही सेकंदांची. एकाच धूर सोडणाऱ्या विमानावर तिघांनी गोळ्या झाडल्या, तर तिघेही प्रामाणिकपणे सांगतात की, ते मी पाडले. खाली ढगात शिरलेले विमान पडले की निसटले, हे पाहायला थांबणाऱ्याच्या पाठीशी दुसरा लागलेला असतो. शिवाय खाली समुद्र आहे. जमिनीवर पडलेल्या विमानाचे अवशेष मोजता येतात. समुद्र मोजू देत नाही. विमानवेधी तोफांवरची माणसेही तेच विमान आपल्या खाती मांडतात. यात खोटे बोलणारा कोणी नसतो, तरी बेरीज खोटी होते.

म्हणूनच या विषयात एक पथ्य पाळावे लागते : शत्रूची किती हानी झाली हे ज्याचे त्याला विचारू नये, शत्रूलाच विचारावे. आपल्या छावणीतले कोणते अंथरूण त्या रात्री रिकामे राहिले, हे प्रत्येक सैन्याला बिनचूक ठाऊक असते. १९९३ साली ख्रिस्तोफर शोर्स, ब्रायन कल आणि यासुहो इझावा या तिघांनी मिळून पूर्वेकडील हवाई युद्धाच्या इतिहासाचा दुसरा खंड प्रसिद्ध केला. त्यात जपानी व ब्रिटिश नोंदी शेजारी शेजारी ठेवून प्रत्येक लढत तपासली आहे. दोन इंग्रज आणि एक जपानी एकाच मेजावर बसून एकमेकांच्या मृतांची मोजदाद करतात, ही गोष्ट आम्हांस त्या ग्रंथातील मजकुराइतकीच मोलाची वाटली.

धर्मगुरूला हे पथ्य अपरिचित नाही. आमच्या धारावी बेटावर, म्हणजे उत्तन, पाली, चौक, डोंगरीच्या किनाऱ्यावर, नाव बुडाली म्हणजे एका गावात नाव असते पण देह नसतो. देह दूरच्या एखाद्या किनाऱ्याला लागतो, आणि तेथे देह असतो पण नाव नसते. तेथला धर्मगुरू आपल्या दफनाच्या नोंदवहीत 'अनोळखी पुरुष' असे लिहून मोकळा होतो. दोन नोंदवह्या एकमेकींशेजारी येईपर्यंत तो एक माणूस दोन माणसे होऊन राहतो : एक हरवलेला आणि एक बेवारस.

९ एप्रिलला जपानी विमाने त्रिंकोमालीवर गेली. ज्या हर्मिस या विमानवाहू नौकेचा पाठलाग करून त्यांनी तिला बट्टिकलोआजवळ बुडविले, तिच्यावर त्या दिवशी एकही विमान नव्हते. तिची स्क्वॉड्रन किनाऱ्यावर उतरलेली होती. ३०७ जण गेले. जवळून जाणाऱ्या व्हिटा या रुग्णनौकेने सुमारे सहाशे जणांना पाण्यातून काढले. पण त्या दिवसाची जी गोष्ट आम्ही मुद्दाम सांगू इच्छितो, ती ११ क्रमांकाच्या स्क्वॉड्रनची. कोलंबोच्या घोडशर्यतीच्या मैदानावर केलेल्या धावपट्टीवरून तिची अकरा ब्लेनहाइम विमाने सकाळी निघाली. दोन बिघाडामुळे परतली. उरलेली नऊ विमाने सोबतीला एकही लढाऊ विमान नसताना समुद्रावर गेली, त्यांना नागुमोचा ताफा सापडला, आणि सुमारे ११००० फुटांवरून त्यांनी बॉम्ब टाकले. आकागीच्या अवतीभवती पाण्याचे स्तंभ उसळले तेव्हाच जपान्यांना कळले की, आपल्यावर हल्ला होत आहे. तोवर त्या ताफ्यावर असा हवाई हल्ला कोणीही केला नव्हता. एकही बॉम्ब लागला नाही. चार ब्लेनहाइम तेथेच पाडली गेली. परतीच्या वाटेवर हर्मिसवरचा हल्ला संपवून येणाऱ्या जपानी विमानांशी गाठ पडून पाचवे गेले. एका ब्लेनहाइममध्ये तिघे बसत. पाच त्रिक पंधरा.

हा गुणाकार केला त्या दिवशी आम्ही पुस्तक मिटून ठेवले. 'पाच विमाने' हा शब्दप्रयोग किती सोयीचा आहे! विमान पडते, माणूस पडत नाही. लष्करी इतिहासात हानी मोजण्याचे एकक यंत्र आहे. मागून येणाऱ्या वाचकाने ते उलट माणसांत मोजून घ्यावे लागते, आणि विमानाची जात ठाऊक नसेल तर तेही जमत नाही. हरिकेन पडले तर एक, ब्लेनहाइम पडले तर तीन, कॅटालिना पडले तर आठ-नऊ.

या हल्ल्याचे हवेतील नेतृत्व मित्सुओ फुचिदा या अधिकाऱ्याकडे होते. पर्ल हार्बरवरील पहिली लाट त्यानेच नेली होती, कोलंबोवरही तोच होता. युद्धानंतर त्याच्या हाती जेकब डीशेझर नावाच्या अमेरिकन सैनिकाची एक लहानशी पुस्तिका पडली. डीशेझर हा एप्रिल १९४२ मध्येच, कोलंबोनंतर दोन आठवड्यांच्या आत, जपानवर बॉम्ब टाकण्यास गेलेला आणि पकडला गेलेला. कैदेत बायबल वाचून त्याचा जपान्यांविषयीचा द्वेष गळून पडला होता. फुचिदाने मग स्वतः बायबल मिळवून वाचले आणि १९५० च्या सुमारास तो ख्रिस्ती झाला. पुढील आयुष्य त्याने शुभवर्तमान सांगण्यात घालविले. तो १९७६ साली वारला. डीशेझरही मिशनरी होऊन जपानात गेला आणि ज्या नागोया शहरावर त्याने बॉम्ब टाकले होते तेथेच राहून त्याने काम केले.

प्रवचनाला याहून उत्तम दृष्टान्त कोणता? आम्हीही तो एका तपःकाळात वापरला, हे कबूल करतो. पण संशोधकांचे फुचिदाविषयीचे मत पुढे वाचनात आले आणि आम्ही ओशाळलो. मिडवेच्या लढाईविषयी त्याने लिहिलेले पुस्तक जगभर प्रमाण मानले जात होते. त्यातील महत्त्वाच्या गोष्टी जपानी नोंदींशी जुळत नाहीत, हे जपानी अभ्यासकांनी आधीच ओळखले होते, आणि २००५ साली पार्शल व टली या अमेरिकन संशोधकांनी ते सविस्तर मांडले. त्याचा पश्चात्ताप खोटा होता, असे आम्ही म्हणणार नाही. ते जाणणारा एकच आहे. परंतु पापनिवेदन आणि साक्ष या दोन गोष्टी भिन्न आहेत. पापनिवेदनात माणूस स्वतःविषयी बोलतो. साक्षीत त्याला इतरांविषयी बोलावे लागते, मृतांविषयीही, आणि तेथे भल्या माणसाचीही जीभ घसरते. त्या दृष्टान्ताला आम्ही आता पुढची पुस्ती जोडतो. ऐकणाऱ्यांना ती तितकीशी रुचत नाही.

हल्ल्यानंतर ब्रिटिश आरमाराचा वेगवान भाग ॲडमिरल सॉमरव्हिल यांच्या हाताखाली अरबी समुद्रातून मुंबईस आला. आमच्या दीपगृहाच्या दक्षिणेस थोड्याच मैलांवर त्या महाकाय नौका नांगर टाकून उभ्या होत्या. त्या आठवड्यात बंगालच्या उपसागरात विसाहून अधिक व्यापारी जहाजे बुडाली, विशाखापट्टण व काकिनाडा येथे बॉम्ब पडले. त्या जहाजांवरचे खलाशी, भंडारी, आगवाले मोठ्या संख्येने आपल्याच किनाऱ्यांवरचे.

ज्यांचे देह मिळाले नाहीत त्यांची नावे आज कोठे आहेत? रॉयल एअर फोर्सच्या वैमानिकांची सिंगापूरच्या क्रांजी येथील स्मारकावर. तेथे चोवीस हजारांहून अधिक नावे कोरलेली आहेत. नौदलाच्या हवाई विभागातील मंडळींची इंग्लंडात ली-ऑन-सोलंट येथे. आणि भारतीय नौदलाच्या व व्यापारी जहाजांच्या सहा हजारांहून अधिक खलाशांची नावे एका नोंदग्रंथात आहेत. त्याची एक प्रत चितगावला आणि दुसरी आपल्या मुंबईत, मस्जिद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये. भाईंदरहून गाडीने तासा-दीड तासाचा रस्ता. आम्ही आमच्या धर्मग्रामातील ज्यांना ज्यांना विचारले, त्यांपैकी एकालाही ते ठाऊक नव्हते. आम्हांसही नव्हते.

नाव भिंतीवर चढण्याआधी एक पायरी असते. विमान परतले नाही म्हणजे माणूस प्रथम 'बेपत्ता' होतो. काही महिने बातमी आली नाही की 'मृत समजावा' असा शेरा पडतो, आणि घरी दुसरी तार जाते. आमच्या धर्मशास्त्रातही यासाठी कलम आहे. ख्रिस्तसभेच्या कायद्याचे कलम १७०७ सांगते की, पती अथवा पत्नीच्या मृत्यूचा कागदोपत्री पुरावा नसेल, तर बिशपांनी मृत्यू गृहीत धरल्याची घोषणा करीपर्यंत जोडीदार विवाहबंधनातून मोकळा होत नाही. नुसती दीर्घ अनुपस्थिती त्यासाठी पुरेशी मानलेली नाही. सेमिनरीत हे कलम आम्ही परीक्षेपुरते पाठ केले. समुद्रकाठी आल्यावर ते माणसांच्या रूपाने दारात उभे राहिले. बिशपांची घोषणा हातात असूनही ती न मानणारी माणसे असतात. आणि बर्चलच्या विमानातले सहा जण खरोखरच जिवंत होते, हे वाचल्यापासून आम्ही अशा माणसांची समजूत घालण्याच्या फंदात पडत नाही.

अशी एक आजी आमच्याकडे आहेत. त्यांचा थोरला भाऊ तरुणपणी मासेमारीस गेला तो परतला नाही. नावेची फळीही मिळाली नाही. दरवर्षी नोव्हेंबरच्या आरंभी मृतांसाठी मिस्सा मागण्यास लोक नावांची पाकिटे घेऊन येतात. आजीही येतात. आईवडिलांची, यजमानांची, धाकट्या बहिणीची नावे त्या मृतांच्या पाकिटात घालतात. भावाचे नाव वेगळ्या कागदावर असते. गेल्या वर्षी आम्ही तो कागद चुकून इतर नावांत मिसळला. त्यांनी तो बोटाने बाजूला सरकवला आणि म्हणाल्या, "फादर, हे त्यांच्यात नको. हे सुखरूप येण्यासाठी."

आम्ही वही उघडली, मिस्सांच्या हेतूंच्या रकान्यात २ नोव्हेंबरच्या सकाळच्या वेळेपुढे मृतांची नावे लिहिली, आणि खाली वेगळ्या ओळीत भावाचे नाव लिहून त्यापुढे 'समुद्रावर' एवढाच शब्द लिहिला. त्या दिवशी मिस्सेत नावे वाचताना आणखी पंधरा नावे, कोठेही न लिहिलेली, आम्ही मनातल्या मनात वाचली.